पंच्याहत्तर कशाचे?

९ मार्च

ती. मामा,

नमस्कार. फोनवर मी ओरडते आणि तुला अर्धंच ऐकू येतं. हे ओरडून सांगण्यासारखं नाही, शिवाय भिंतीपलीकडे आई असते. म्हणून पत्र.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. काल कारखान्याचा चौकशी अहवाल आला. दोनच पानं. त्यात लिहिलंय की कर्मचाऱ्यास हृदयविकाराचा झटका आला. खोलीतील हवेची व्यवस्था मंजूर आराखड्याप्रमाणे असून पुरेशी आहे. कर्मचारी सहकाऱ्यास न कळवता खोलीत गेला.

मामा, ती अर्धी जमिनीखालची खोली म्हणजे त्यांचं काम होतं. काचेच्या बाटल्या फुंकायला जी दाबलेली हवा लागते ती तिथून जाते, आणि ती यंत्रं बाबा चालवायचे. रोज दहा वेळा आत जायचे, कोणाला कळवायचे? त्या दुपारी हवेच्या टाकीखाली साचलेलं पाणी काढायला गेले ते तासभर परत आले नाहीत, म्हणून त्यांचा जोडीदार बघायला गेला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. वही मांडीवर होती. जोडीदार मला म्हणाला, ‘हात लावला तर अंग चटका बसावा इतकं तापलेलं.’ हे अहवालात नाही. मी विचारायला गेले तर मॅनेजर चांगलं बोलले, चहा दिला, आणि वय झालं होतं त्यांचं, असं म्हणाले. अठ्ठावन्न.

बाबांची वही माझ्याकडे आहे. रोज दुपारी दोन वाजता बाहेरचं तापमान आणि खोलीतलं तापमान, दोन आकडे. चार वर्षांचे, एकही दिवस चुकलेला नाही. मी सातवीला गणित शिकवते, मला आकडे वाचता येतात, पण यंत्रातलं काही कळत नाही. मोटरच्या पाटीवर ७५ किलोवॉट लिहिलंय. एवढी मोटर खोली किती तापवते हे कसं काढायचं? तुझं सगळं आयुष्य असल्या खोल्यांचे आराखडे काढण्यात गेलं. मला सातवीतल्या पोराला सांगतात तसं सांग.

आई बरी आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं, दोनदा वाचलं.

विचारलंस ते सांगतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. मोटरची ताकद दोन मापांत लिहितात. जुन्या मोटरींवर एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर, आणि नव्यांवर किलोवॉट. एक एचपी म्हणजे तासाला ६४१ किलोकॅलरी. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६०. पाटीवरचा आकडा त्या-त्या मापाने गुणायचा, बस. तुझी पंच्याहत्तर किलोवॉटची मोटर तासाला साडेचौसष्ट हजार किलोकॅलरी. म्हणजे सहाशे पंचेचाळीस लिटर बर्फाइतकं गार पाणी तासाभरात उकळायला आणेल, एवढी.

तू म्हणशील, मोटर तर यंत्र फिरवते, तापवायला नाही बसवली. पण हवा दाबली की ती तापते, आणि ती तिथेच थंड करून वर पाठवतात. शेवटी विजेचा जवळजवळ सगळा भाग उष्णता होऊन खोलीतच उतरतो. ती बाहेर काढायला पंखे. पंख्यांची हवा तेवढीच राहिली तर उष्णता जितक्या पट वाढते, तितक्याच पट आतला आणि बाहेरचा फरक वाढतो. एवढंच गणित.

आता माझं ऐक. दोष शोधायचा तर तिसऱ्या यंत्रात शोध. ती खोली दोन यंत्रं एका वेळी चालतील अशी होती, तिसरं नुसतं राखीव. गेल्या वर्षी उत्पादन वाढवायला तिन्ही एकदम चालवायला लागले असणार. त्याला आराखडा काय करणार?

पण बाळ, खरं सांगू, हे उकरून काढू नकोस. भाऊजी परत येणार नाहीत. मोठ्या लोकांशी भांडताना माणूस आतून झिजतो, आणि ताईला आता तू एकटीच आहेस.

माझे कान आता अगदीच गेलेत. तसं बरंच आहे म्हणा, ऐकण्यासारखं फारसं काही नसतं.

तुझा,
मामा


२६ मार्च

ती. मामा,

तू सांगितलंस तसं बसून केलं. तीन रात्री गेल्या.

खोलीच्या दाराशी काचेमागे एक कागद लावलेला असतो, हाताने लिहिलेल्या उष्णतेच्या हिशेबाचा. जोडीदाराने त्याची प्रत काढून आणून दिली. त्या कागदाप्रमाणे दोन यंत्रं चालू असताना खोली बाहेरपेक्षा आठ अंशांनी गरम राहायला हवी. बाहेर चौतीस, तर आत बेचाळीस. बाबांच्या वहीत गेल्या वर्षभराचे आकडे बघ. बाहेर चौतीस, आत साडेएक्कावन्न. साडेसतरा अंशांचा फरक. तू म्हणालास ते बरोबर निघालं, तिन्ही यंत्रं गेल्या वर्षापासून चालू आहेत.

पण दोनाची तीन झाली तर उष्णता दीडपट. आठाच्या दीडपट बारा. साडेसतरा नाही होत. मी वर्गात मुलांना सांगते की उत्तर जुळलं नाही तर मागे जा. म्हणून मी वहीत मागे गेले, तिसरं यंत्र बंद होतं त्या तीन वर्षांत. बाहेर चौतीस, आत जवळजवळ सेहेचाळीस. बाहेर तीस, आत बेचाळीसच्या आसपास. कोणताही दिवस घे, फरक बाराला टेकलेला. पहिल्या उन्हाळ्यापासून.

म्हणजे बाराचे साडेसतरा झाले ते तिसऱ्या यंत्राने. मग आठाचे बारा कशाने झाले?

मी पुन्हा त्या कागदाकडे बसले. त्यात लिहिलंय, मोटर ७५, दोन नग, एकूण उष्णता तासाला ९६,१५०. मी ९६,१५० ला दोनाने भागलं, मग पंच्याहत्तरने भागलं. उत्तर आलं ६४१.

पाटीवर किलोवॉट आहे, मामा. मी खाली जाऊन स्वतः पाहून आले. पाच मिनिटं उभी राहिले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. तिथे बाबा रोज आठ तास आत-बाहेर करायचे.

आणखी दोन गोष्टी. खोली दोनच यंत्रांसाठी होती आणि तिसरं राखीव होतं, हे मी तुला लिहिलं नव्हतं. आणि त्या कागदावरच्या साताला मधोमध एक बारीक आडवी रेघ आहे. तुझ्या पत्रावर १७ मार्च लिहिलंय तिथेही आहे.

तो कागद तू केलास का?

भिंगरी


२० एप्रिल

ती. मामा,

पंचवीस दिवस झाले. पत्र पोचलं आहे, पोस्टातून खात्री केली.

तुझ्याकडून काही ऐकायची माझीही तयारी होत नव्हती, म्हणून गप्प होते. पण आता थांबता येत नाही. कारखान्याच्या मागच्या आवारात दुसरी अशीच खोली बांधताहेत. पाया भरून झालाय. जोडीदाराने चौकशी केली, आराखडा तोच आहे, नुसती तारीख बदलली आहे. पंख्यांची ऑर्डर या महिनाअखेर जायची आहे. तिथेही तीन यंत्रं आणि बहुधा तीन माणसं.

जोडीदार आता बाबांच्या जागी आहे. गेल्या मंगळवारी पाळी संपवून वर आला तो दारातच ओकला. त्याची बायको मला भेटायला आली होती. ती म्हणाली, तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी करा.

मी मॅनेजरांकडे हिशेब घेऊन गेले. त्यांनी आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपनीला विचारलं. तिथून उत्तर आलं की आराखडा अनुभवी माणसाने तपासलेला आहे, आणि शाळेच्या बाईंनी पाटी वाचण्यात काहीतरी गफलत केली असावी. मॅनेजर हसले नाहीत, पण फाइल मिटली.

माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. ज्याने तो कागद केला त्याच्या शब्दाला आहे. तो तू नसशील तर तसं एका ओळीत कळव, मी तुझी माफी मागेन आणि दुसरं दार ठोठावीन.

भिंगरी


२७ एप्रिल

चि. भिंगरीस,

तो कागद मी केला.

सोबत एक निवेदन आहे. सहीचं, दोन साक्षीदारांपुढे केलेलं. एक प्रत कारखान्याला, एक माझ्या जुन्या कंपनीला आणि एक कारखाने निरीक्षकांना आजच रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. त्यात मूळ हिशेब, चूक कुठे झाली, आणि बरोबर हिशेब, तिन्ही मांडलं आहे. पंख्यांची ऑर्डर थांबेल. आधी हे वाच, मग खालचं वाच, किंवा वाचू नकोस.

यंत्रं पुरवणाऱ्याच्या यादीत नुसतं ७५ लिहिलं होतं. माप नव्हतं. मी तीस वर्षं एचपीच्या मोटरी पाहिलेल्या, हात सवयीने ६४१ कडे गेला. विचारायला हवं होतं, पंच्याहत्तर कशाचे? एक ओळ लिहून विचारायचं होतं. तुझे आठ त्यामुळे पावणेअकरा झाले. उरलेला एक अंश असा की पाटीवरचा आकडा हा मोटर जे काम देते त्याचा असतो. ती वीज त्याहून जास्त ओढते, शंभर ओढते तेव्हा ब्याण्णव देते, आणि मधले आठ तिच्या अंगातच तापतात. तेही मी धरलं नव्हतं. तुझा हिशेब बरोबर आहे. माझ्या हाताखाली तुझ्यासारखी तपासणारी असती तर बरं झालं असतं.

चूक कोणाकडूनही होते असं म्हणून तू मला कदाचित सोडून दिलं असतंस. म्हणून पुढचं लिहितो.

भाऊजींनी मला पत्र लिहिलं होतं. खोली सुरू झाली त्या पहिल्याच उन्हाळ्यात. तू तेव्हा परगावच्या शाळेत शिकवत होतीस. ते पत्र सोबत ठेवलंय, तुझ्याकडेच असू दे. त्यांनी लिहिलंय, ‘पाटीवर किलोवॉट आहे आणि तुझ्या कागदात एचपी धरल्यासारखं दिसतं. मला त्यातलं फार कळत नाही, माझीच समजूत चुकत असेल. सवडीने एकदा बघशील का?’

मी बघितलं. ऑफिसमध्ये सगळे गेल्यावर मूळ कागद काढला आणि दोन मिनिटांत कळलं. मामा तसा हुशार आहे तुझा. चूक कबूल करायची तर भिंत फोडायची, पंखे बदलायचे, कंपनीचं नाव जायचं, आणि माझी दोन वर्षं राहिली होती. शिवाय ती खोली माझी सगळ्यांत चांगली खोली म्हणून साहेबांनी लोकांना दाखवली होती. तीन दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. मग एक कार्ड लिहिलं. ‘भाऊजी, हिशेब पाहिला. बरोबर आहे. पंख्यांच्या जाळ्या साफ ठेवा.’

त्यांनी विश्वास ठेवला. बायकोच्या भावाने तपासून सांगितलं म्हटल्यावर कोण नाही ठेवणार? ते चार वर्षं जाळ्या साफ करत राहिले असतील.

तिसरं यंत्र कारखान्याने लावलं, मी नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. तुलाही मागच्या पत्रात तेच ऐकवलं. पण आराखडा बरोबर असता तर तिन्ही यंत्रं चालूनही खोली बाहेरपेक्षा बाराच अंश गरम राहिली असती. चौतीसला सेहेचाळीस. सेहेचाळीसला माणूस बाहेर येऊन पाणी पितो.

ताईला काय सांगायचं ते तू ठरव. भाऊजी गेल्यावर मी तिच्यासमोर दोन दिवस बसून आलो आणि तोंड उघडलं नाही.

मामा


१६ मे

मामांस,

तुमचं निवेदन आणि बाबांचं पत्र मिळालं.

जे घडलं ते कळवते. निरीक्षक पाच तारखेला आले. त्यांनी स्वतःच्या यंत्राने खोलीचं तापमान घेतलं, पाट्या वाचल्या, बाबांची वही दोन तास चाळली आणि तिच्या प्रत्येक पानाची प्रत करून घेतली. तिसरं यंत्र त्याच दिवशी बंद केलं. आता एका माणसाने पंधरा मिनिटांपेक्षा जास्त आत थांबायचं नाही. उत्तरेकडची भिंत फोडून मोठे पंखे बसवायचं काम सुरू झालं आहे. मागच्या आवारातली नवी खोली थांबवली आहे, नवा आराखडा झाल्याशिवाय वीट लावायची नाही असा हुकूम आहे.

अहवाल मागे घेतला. नवीन अहवालात हृदयविकार हा शब्द नाही, उष्माघात आहे. ‘न कळवता गेला’ हे वाक्य काढलं आहे. मला तेवढंच हवं होतं.

तुमच्या जुन्या कंपनीचे एक साहेब घरी आले होते. निवेदन तुम्ही म्हातारपणी, मन ठिकाणावर नसताना केलं असावं, असं ते सुचवत होते. मी त्यांना सांगितलं की अक्षर ठिकाणावर आहे आणि आकडेही.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून एक माणूस दुपारी ओकत नाही. हे मला मान्य आहे. पण बाबांचं पत्र मी वाचते, ‘माझीच समजूत चुकत असेल’, तिथे येते आणि पुढे जाता येत नाही. ते बरोबर होते आणि तुम्ही त्यांना चूक ठरवलंत. ते आपण चूक आहोत असं समजून गेले.

आईला चूक कोणाची ते सांगितलेलं नाही. कंपनीची, एवढंच तिला माहीत आहे. तुम्ही सध्या येऊ नका. पत्रही नको.

—


३० जून

प्रिय भाऊ,

मला लिहायची सवय नाही, समजून घे.

भिंगरी मला काही सांगत नव्हती. पण ती तुझं नाव घ्यायची बंद झाली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शाळेत गेली असताना मी तिचं कपाट उघडलं आणि तुझी पत्रं वाचली. यांचंही वाचलं.

तू लिहिलंस, त्यांनी तुझ्या कार्डावर विश्वास ठेवला. नाही ठेवला. तेवढ्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

तुझं कार्ड आलं त्या संध्याकाळी ते जेवायचं टेबल पुसून घेऊन तिथेच हिशेब मांडत बसले. तीनदा मांडला. मग मला म्हणाले, ‘चूक तुझ्या भावाची आहे आणि ती त्याला कळलेली आहे. हिशेब खरंच बरोबर असता तर त्याने इतकं तुटक लिहिलं नसतं. मी उद्या कागद मॅनेजरांना दाखवतो.’

मी त्यांना दाखवू दिला नाही. मी म्हटलं, त्याची दोन वर्षं राहिलीत, सगळी उमर मान वर करून काम केलं त्याने, आता त्याची शोभा नको. मी म्हटलं, तीन-चार अंशांनी काय होतंय.

ते ‘बरं’ म्हणाले आणि वही मिटली. पुन्हा कधी विषय काढला नाही. तिसरं यंत्र सुरू झालं तेव्हाही नाही. घरी आले की अर्धा तास फरशीवर पडून राहायचे. मी पाणी द्यायचे. मला दिसत होतं, भाऊ. रोज दिसत होतं. पण एकदा गप्प बसा म्हटल्यावर आता बोला कसं म्हणायचं, ते मला जमलं नाही.

तर ते आपण चूक आहोत असं समजून गेले नाहीत. आपण बरोबर आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी गप्प राहिले. हे चांगलं की आणखी वाईट, मला ठरवता येत नाही.

परवा मी हे तिला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. काल शाळेत गेली, आली, वह्या तपासल्या, झोपली. आज सकाळी बाहेर आली आणि यांच्या खुर्चीत बसली. ते गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. म्हणाली, ‘आई, बाबांना मी वेडगळ, भोळे समजत होते. तसे नव्हते ते.’ मी म्हटलं, ‘नव्हतेच.’ मग बराच वेळ रडली, मीही रडले.

त्यानंतर ती म्हणाली, ‘तुम्ही दोघांनी मिळून हे केलंत आणि दोघं वेगवेगळ्या गावांत एकेकटे बसला आहात. मी किती जणांशी न बोलता राहू?’

तू ये. माफी मागायला नको येऊस, ती कोणाकडे मागणार? मलाही मागायची आहे आणि तो माणूस नाही. नुसता ये. तिघं एकदा समोरासमोर बसू आणि जे बोलता येईल ते बोलू, तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

शनिवारी दुपारच्या गाडीने ये. तुला उतरवून घ्यायला मी येणार होते. ती म्हणाली, ‘तू राहू दे. मामाला आणायला मी जाते.’

तुझी,
ताई